अपडेटनंतर स्क्रीन काळी की आवाज गायब? मागे जायचं की आहे तिथेच दुरुस्त करायचं

लिनक्सवर अपडेट मारलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि आता एकतर स्क्रीन काळी आहे नाहीतर आवाज गेलाय, अशा वेळी आपण मोबाईलवर शोधायला लागतो आणि पाच मिनिटांत ढीगभर कमांडी सापडतात, त्यातल्या निम्म्या कुठल्यातरी जुन्या व्हर्जनच्या, आणि घाईत त्या एकामागोमाग एक टाकत गेलं की मूळ बिघाड कुठला होता आणि आपण नवीन काय बिघडवलं हेच कळेनासं होतं. म्हणून कमांडी टाकायच्या आधी एकच ठरवा, मागे जायचं की आहे तिथेच दुरुस्त करायचं. मागे जायचं म्हणजे जुना कर्नल (हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा) किंवा अपडेटच्या आधीचा स्नॅपशॉट (सिस्टिमची जपून ठेवलेली प्रत). दुरुस्त करायचं म्हणजे नव्या सिस्टिममध्येच बसून ड्रायव्हर नाहीतर सेटिंग नीट करायचं.

माझं मत आधीच सांगतो. स्क्रीन गेली असेल तर आधी मागे जा. आवाज गेला असेल तर मागे जायच्या भानगडीत पडू नका, बहुतेक वेळा उपयोग होत नाही. असं का, ते खाली.

स्क्रीन गेली असेल तर

इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, वर मेसा (चित्र काढणारी लायब्ररी) असतं, दोन्ही डिस्ट्रोकडूनच (उबंटू, फेडोरा, मिंट असा तुमचा लिनक्सचा प्रकार) येतं, त्यामुळे तिथे प्रकरण सहसा जुन्या कर्नलने सुटतं. एनव्हिडियाचं तसं नाही. त्यांचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा, म्हणून प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) वेगळं लागतं. काही डिस्ट्रो ते तयार करून देतात, बाकी ठिकाणी ते काम आपल्याच मशीनवर डीकेएमएस नावाचं साधन करतं, आणि त्याला त्या नेमक्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली) लागतात. हेडर्स नसले तर अपडेट पूर्ण झाल्यासारखं दिसतं पण मॉड्यूल बनलेलंच नसतं.

माझ्याकडे असंच झालं होतं. दिवाळी अंकाची पानं स्क्राइबसमध्ये लावत होतो, रात्री फाइल प्रेसला द्यायची होती आणि संध्याकाळी मी अपडेट मारलं. रीस्टार्ट केल्यावर वर डाव्या कोपऱ्यात नुसती एक आडवी रेघ लुकलुकत राहिली. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबल्यावर अक्षरांचं लॉगिन आलं म्हणजे मशीन जिवंत होतं, फक्त चित्र नव्हतं. डीकेएमएसचं स्टेटस पाहिलं तर जुन्या कर्नलपुढे इन्स्टॉल्ड आणि नव्यापुढे नुसतं ॲडेड, म्हणजे मॉड्यूल बनलंच नव्हतं. ड्रायव्हर पहिल्यांदा टाकताना मी फक्त तेव्हाच्या कर्नलचे हेडर्स घेतले होते, कायम नवीन येत राहणारं हेडर्सचं सर्वसाधारण पॅकेज घेतलंच नव्हतं.

तिथे दोन्ही रस्ते मोकळे होते. मी मागे गेलो, म्हणजे ग्रबच्या (मशीन चालू होताना कुठला कर्नल लावायचा ते निवडायच्या) मेनूमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडून जुना कर्नल निवडला, दोन मिनिटांत डेस्कटॉप आला आणि पानं वेळेत गेली. हेडर्स दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता टाकले, मॉड्यूल बनलं, नवा कर्नल चालू झाला. त्याच रात्री दुरुस्तीला बसलो असतो तर कदाचित दहा मिनिटांत झालं असतं, पण काळ्या स्क्रीनवर, हात थरथरत असताना, वायफाय जोडण्यापासून सुरुवात करायची हे मला नको होतं.

तर जुन्या कर्नलची बाजू अशी: इंटरनेट लागत नाही, फाइलींना धक्का लागत नाही, आणि मुख्य म्हणजे दोष कर्नल-ड्रायव्हरच्या जोडीत आहे की दुसरीकडे, याचं उत्तर आपोआप मिळतं. ग्रबचा मेनू दिसतच नसेल तर मशीन चालू होताना एस्केप दाबा, जुन्या बायोसवाल्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. वाईट बाजू अशी की ही सोय तात्पुरती आहे, त्या कर्नलला पुढचे सुरक्षेचे पॅच मिळणार नाहीत, आणि मधेच ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजं पुसणारी कमांड) मारलं तर तोच जुना कर्नल पुसला जाऊ शकतो, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत ते मारू नका.

दुरुस्तीची बाजू: काम कायमचं होतं. त्यासाठी इंटरनेट मात्र लागतं, आणि अक्षरांच्या स्क्रीनवर वायफायशी झगडण्यापेक्षा मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक ठिकाणी लगेच नेट येतं. अक्षरांचं लॉगिनही येत नसेल तर ग्रबमध्ये त्या ओळीवर ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) लिहा आणि एफ१० दाबा, चित्र ओबडधोबड येईल पण आत शिरता येईल. ही जोडणी तेवढ्या एका बूटपुरतीच असते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

जुन्या कर्नलवरही स्क्रीन काळीच असेल तर मग दोष मेसात, डेस्कटॉपमध्ये किंवा ड्रायव्हरच्या वरच्या भागात, आणि तिथे स्नॅपशॉट कामाचा. हे तुमच्या डिस्ट्रोवर फार अवलंबून आहे. मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे स्नॅपशॉट घेणारं साधन असतं, पण शेड्यूल तुम्ही स्वतः लावलेलं असेल तरच स्नॅपशॉट सापडणार, आणि ते लाइव्ह पेनड्राइव्हवरूनही परत आणता येतात. ओपनसुसे टम्बलवीड यात सगळ्यात सोयीचं वाटतं मला, कारण बीटीआरएफएस (स्नॅपशॉट घेऊ देणारी फाइल सिस्टिम) आणि स्नॅपर (ते स्नॅपशॉट सांभाळणारं साधन) मुळातच लावलेले असतात, ग्रबमधूनच आधीचा स्नॅपशॉट निवडायचा, सगळं ठीक दिसलं तर रोलबॅकची एक कमांड. फेडोरा सर्वसाधारणपणे ३ कर्नल जपून ठेवतं. आर्चवर मात्र जुना कर्नल शिल्लक राहत नाही, म्हणून तिथे पहिल्या दिवशीच एलटीएस (दीर्घकाळ सांभाळला जाणारा) कर्नल शेजारी टाकून ठेवा, त्याचे हेडर्सही.

आता मागे जाऊन नुसता वेळ जातो अशाही दोन-तीन जागा आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे जुनं एनव्हिडिया कार्ड. जीटीएक्स १०५०, १०५० टीआय, १०६० ही पास्कल पिढी २०१६ पासूनची, आपल्याकडे सेकंडहँड बाजारात अजून भरपूर फिरते, आणि ५८० ही तिच्यासाठी ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये आर्चने मुख्य पॅकेज ५९० वर नेलं, तेव्हा या कार्डवाल्यांना आपणहून ५८० च्या पॅकेजवर जावं लागलं. इथे जुना स्नॅपशॉट आणलात तरी पुढच्या अपडेटला तेच होणार. इथे निवड वेगळीच, ५८० वर थांबायचं की नूवो या दुसऱ्या ड्रायव्हरवर जायचं. नूवो मोफत, मुक्त, कर्नलमध्येच असल्यामुळे अपडेटने रुसत नाही, पण १० सीरिजवर सही केलेल्या फर्मवेअरच्या अटीमुळे तो कार्डचा वेग वाढवू शकत नाही, कार्ड चालू होतानाच्या मंद वेगावरच राहतं. ब्राउझर, ऑफिस, पानं लावणं एवढंच काम असेल तर नूवो घ्या आणि निवांत राहा. ब्लेंडर किंवा गेम असतील तर ५८०, दुसरा विचार नको.

दुसरी जागा म्हणजे सिक्युअर बूट, ओळखीची सही नसलेलं काही चालू होऊ न देणारी मशीनची सोय. मॉड्यूल बनलंय, पण लॉगमध्ये 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' दिसतंय, म्हणजे मॉड्यूलवरच्या सहीची किल्ली मशीन ओळखत नाही. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल मॉक (किल्ली नोंदवा) निवडायचं असतं, पण बरेच लोक घाबरून तिथे कंटिन्यू बूट दाबतात. किल्ली पुन्हा नोंदवा, संपलं.

तिसरं, वेलँडवर (पडद्यावर चित्र आणणारी नवी व्यवस्था) स्क्रीन फडफडणं. एनव्हिडियाच्या ५५५ ड्रायव्हरमध्ये, २०२४ साली, एक्सप्लिसिट सिंक आलं आणि हा त्रास बराच गेला, म्हणजे तुम्ही त्याच्या मागच्या ड्रायव्हरवर गेलात तर जास्तच फडफडेल. लॉगिनला चाकावर क्लिक करून एक्सऑर्ग (वेलँडच्या आधीची जुनी व्यवस्था) निवडा हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण उबंटू २५.१० आणि फेडोरा ४३ च्या गनोम डेस्कटॉपमध्ये तो पर्यायच उरलेला नाही, शोधत बसू नका.

आवाज गेला असेल तर

इथे मी ठामपणे उलटं सांगतो. लिनक्समधला आवाज थरांचा असतो, खाली कर्नलमध्ये अल्सा, त्याच्यावर आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर, आणि कुठला आवाज कुठे जायचा हे ठरवणारा वायरप्लंबर. फेडोरा ३४ ने २०२१ मध्ये पाइपवायर घेतलं, उबंटूने २२.१० ला, मिंटने २२ ला म्हणजे २०२४ मध्ये. वायरप्लंबर तुमची निवड, कुठलं कार्ड, कुठलं प्रोफाइल, हे तुमच्या होम फोल्डरमध्ये लपलेल्या डॉट लोकलच्या आत, स्टेट नावाच्या फोल्डरमध्ये जपतो. आणि टाइमशिफ्ट मुळात होम फोल्डरला हात लावत नाही! म्हणजे तुम्ही अर्धा तास घालवून अख्खी सिस्टिम मागे नेली तरी बिघडलेली निवड जागच्या जागी, आणि स्पीकर तसाच मुका.

माझ्या बहिणीचा ऑनलाइन क्लास सुरू व्हायला वीस मिनिटं होती आणि ती म्हणाली, "दादा, रेघ वर-खाली होतेय पण आवाजच नाही." ती रेघ म्हणजे आवाजाचा स्लायडर. पावूकंट्रोल (आवाजाच्या सेटिंगचं ॲप) उघडलं तर आउटपुटला मॉनिटरची एचडीएमआय निवडलेली, त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. कॉन्फिगरेशन टॅबमध्ये ॲनालॉग स्टिरिओ निवडलं. तरी शांतता. मग टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (alsamixer), एफ६ दाबून खरं कार्ड निवडलं, स्पीकरच्या खांबाखाली दोन एम दिसत होते, म्हणजे म्यूट, त्यावर जाऊन एम दाबलं की एमएमचं शून्य-शून्य झालं आणि आधीपासून चालू करून ठेवलेलं गाणं एकदम जोरात वाजलं. हे सगळं पाच मिनिटांत झालं आणि यात मागे जाण्याने काहीच मिळालं नसतं.

म्हणून आवाजाचा निर्णय एका कमांडवर घ्या, एप्लेला डॅश एल लावून (aplay -l). कार्डांच्या यादीत तुमचं साउंड कार्ड दिसतंय? मग कर्नल ठीक आहे, दोष वरच्या थरात, आहे तिथेच दुरुस्त करा: पाइपवायर आणि वायरप्लंबरच्या युजर सर्व्हिस रीस्टार्ट, नाहीच झालं तर वायरप्लंबरचा तो स्टेट फोल्डर बाजूला करून पुन्हा लॉगिन. ज्यांनी पूर्वी लुआ या भाषेत स्वतःच्या कॉन्फिग फाइली लिहिल्या होत्या त्यांच्यासाठी एक गोष्ट, वायरप्लंबर ०.५ पासून त्या फाइली वाचल्याच जात नाहीत, नव्या पद्धतीने लिहाव्या लागतात.

यादीत कार्डच नाही आणि सेटिंगमध्ये डमी आउटपुट लिहून येतंय? मग मात्र एकदा जुना कर्नल लावून बघा. जुन्यावर वाजलं तर नव्या कर्नलची चूक, पुढच्या अपडेटपर्यंत जुन्यावर राहा. जुन्यावरही नाही वाजलं तर इंटेलवाल्या नव्या लॅपटॉपांवर बहुतेकदा सॉफचं (आवाजाच्या चिपला लागणारं) फर्मवेअर गायब असतं, आर्चवर ते सॉफ-फर्मवेअर नावाचं वेगळं पॅकेज आहे, डेबियनवर फर्मवेअर-सॉफ-साइन्ड. इथे एक उपाय फार सांगितला जातो, एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी या मॉड्यूलला डीएसपी ड्रायव्हर १ (dsp_driver=1) असा पर्याय देऊन जुन्या पद्धतीवर ढकलायचं. त्याने स्पीकर येतो, पण असे लॅपटॉप ज्यात आतला माइक डिजिटल आहे त्यांचा माइक जातो. फक्त सिनेमे बघायचे असतील तर चालेल, मीटिंगा असतील तर आधी फर्मवेअर टाकून बघा.

आणि फ्रेश इन्स्टॉल

आवाजासाठी तर अजिबात नाही, कारण होम पार्टिशन तेच ठेवलंत तर लपलेल्या सेटिंगही तशाच परत येतात. त्याऐवजी एक नवीन युजर बनवा आणि त्यात लॉगिन करा, दोन मिनिटांचं काम आहे. नव्या युजरमध्ये आवाज आला, किंवा डेस्कटॉप नीट दिसला, तर दोष तुमच्या होममध्येच आहे आणि सिस्टिमला हात लावायची गरजच नाही. स्क्रीनसाठी फ्रेश इन्स्टॉलचा विचार मी एकाच वेळी करेन, अपग्रेड मधेच वीज जाऊन अर्धवट राहिलंय, पॅकेजं एकमेकांत अडकलीत आणि स्नॅपशॉटही नाही. तेव्हाही आधी लाइव्ह पेनड्राइव्हवर चालू करून बघा की नव्या आवृत्तीत स्क्रीन आणि आवाज दोन्ही येतात का, आणि त्याच बैठकीत होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या.