घरगुती ओव्हरलॉक मशीन, आठ महिन्यांच्या वापरानंतर: दोरा, टेन्शन आणि ब्लेडच्या तक्रारी

चार दोऱ्यांचं घरगुती ओव्हरलॉक, म्हणजे ब्लेडने कापडाची कड कापत तिच्यावर दोरे गुंफणारं मशीन. दोन सुया, दोन लूपर (सुयांच्या दोऱ्यांत आपला दोरा गुंफणारे आकड्यासारखे भाग), डिफरेन्शियल फीड (कापड सरकवणारे पुढचे-मागचे दाते वेगवेगळ्या प्रमाणात चालवण्याची सोय), मिनिटाला 1300 टाक्यांपर्यंत वेग. पुण्यात एप्रिल ते डिसेंबर, आठवड्याला आठ-दहा तास चाललेलं. कुर्ते, होजियरीचे टी-शर्ट, परकर, ब्लाउज, ओढण्या आणि थोडं खणाचं काम. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खालच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या वर्गातल्या कुठल्याही मशीनवर येतात आणि उपायही तेच लागू पडतात.

सगळ्यांत मोठी गोष्ट आधी. टाका बिघडला की हात टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, चाकाकडे जातो. बहुतेक वेळा चाकाचा काही दोष नसतो, दोरा नीट ओवलेला नसतो. चाकं फिरवली की मूळ चूक तशीच राहते आणि वर चारही आकडे हलतात, मग कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. म्हणून नियम असा ठेवा: टाका बिघडला की आधी चारही दोरे काढून पुन्हा ओवा. त्यानंतरही बिघाड राहिला तरच चाकाला हात लावा.

ओवण्याचा क्रम: वरचा लूपर, खालचा लूपर, उजवी सुई, शेवटी डावी सुई. पुढच्या झाकणाच्या आत रंगीत चित्र असतं. त्यात थोडा वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा, पण लूपर आधी आणि सुया शेवटी हे ठरलेलं. कारण समजून घेतलं की क्रम विसरत नाही. सुयांत दोरा तसाच ठेवून फक्त खालचा लूपर ओवला, तर सुयांचे दोरे त्या लूपरला विळखा घालून बसलेले असतात. पहिल्या दोन-चार टाक्यांत नवा दोरा त्यांत अडकतो आणि कट्टकन तुटतो. पुन्हा ओवा, पुन्हा तुटतो. ‘खालचा दोरा सारखा तुटतो’ ही तक्रार ऐकली की पहिला प्रश्न हाच विचारावा. उपाय साधा आहे. दोन्ही सुयांचे दोरे सुईपाशी कापा, चिमट्याने सुयांखालच्या प्लेटखालून ओढून काढा, खालचा लूपर ओवा आणि मग सुया ओवा.

खालचा लूपर ओवणं हेच या मशीनचं सगळ्यांत किचकट काम. मशीनच्या बाजूचं हाताने फिरवायचं चाक स्वतःकडे फिरवून लूपर उजवीकडे पूर्ण बाहेर आणा. दोऱ्याचं टोक तिरपं कापा, चिमट्यात टोकापासून साधारण एक सेंटीमीटरवर धरा आणि लूपरच्या खालच्या हुकात आधी अडकवा. हा हुक डोळ्यांना सहज दिसत नाही, तिथे मोबाइलचा टॉर्च लावा. हुक सुटला तरी दोरा लूपरच्या भोकात जातो, मशीन चालतंही, पण कडेला सैल लोंबते फास पडतात. लोक दोन दोन दिवस टेन्शन फिरवत बसतात आणि दोष त्या एका हुकात असतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली ठेवून ओवणं. बऱ्याच मशिनांत फूट वर केलं की टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्या मधोमध बसतो. फूट खाली असलं तर दोरा चकत्यांवरूनच जातो आणि आकडा 9 वर नेला तरी टाका सैलच राहतो. ओवून झालं की तपासा: फूट वर असताना दोरा ओढा, सहज यायला हवा. फूट खाली करून ओढा, हाताला ताण जाणवला पाहिजे. तुमच्या मशीनमध्ये फुटाने चकत्या उघडत नसतील तर ओवताना चाक 0 वर न्या, दोन्ही हातांनी दोरा ताणून चकत्यांत ‘टक्’ असा बसवा आणि मग आकडा परत लावा. मागचा दोऱ्यांचा दांडा पूर्ण वर खेचलेला हवा. तो अर्धवट वर असेल तर दोरा कोनावर (दोऱ्याच्या मोठ्या रिळावर) अडखळतो आणि टाका मधूनच घट्ट, मधूनच सैल पडतो.

रंग बदलताना चारही दोरे नव्याने ओवायची गरज नाही. जुना दोरा कोनापाशी कापा, नव्याला पक्की गाठ मारा, चारही चाकं 0 वर आणा आणि फूट वर करून एकेक दोरा हळू ओढा. लूपरच्या भोकातून बारीक गाठ निघून जाते. सुईच्या नेढ्यातून जात नाही, तिथे गाठ सुईपर्यंत आली की कापून नवा दोरा हाताने ओवा. नंतर आकडे मूळ जागी आणायला विसरू नका. आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती मशीनच्या बाजूला चिकटवलेली बरी.

आता खरंच टेन्शनचं काम असेल तेव्हा. चार वेगवेगळ्या रंगांचे दोरे लावा आणि ज्या कापडावर काम करायचंय त्याच्याच दोन पदरांवर 15 सेंटीमीटर शिवा. एकाच रंगात दोष शोधणं म्हणजे अंधारात चाचपडणं. वरच्या लूपरचा रंग कड ओलांडून उलट बाजूला दिसत असेल तर वरचा लूपर सैल आहे किंवा खालचा जास्त घट्ट. खालच्याचा रंग सुलट बाजूला आला तर याच्या उलट. दोन्ही लूपरची गाठ बरोबर कापडाच्या कडेवर पडली पाहिजे. शिवण दोन्ही हातांनी उघडून ताणली आणि मध्ये शिडीसारखे दोरे दिसले तर डाव्या सुईचं टेन्शन वाढवा. एका वेळी एकच चाक, तेही अर्ध्या आकड्याने, आणि मग पुन्हा नमुना. बहुतेक सुती कापडाला चारही चाकं 3 ते 5 च्या मध्येच राहतात. एखादं 8 वर न्यावं लागत असेल तर थांबा आणि त्या दोऱ्याची वाट पुन्हा तपासा.

कडेच्या बाबतीत एक फरक ओळखायला शिका, कारण हा दोष टेन्शनचा वाटतो पण बऱ्याचदा कापण्याच्या रुंदीचा असतो. कापड टाक्याच्या आत वळून गोळा होत असेल, तर टाक्यात कापड जास्त आहे. रुंदी कमी करा, म्हणजे ब्लेड थोडं जास्त कापेल. कडेबाहेर दोऱ्याचे फास लोंबत असतील, तर कापड कमी पडतंय. रुंदी वाढवा. यानंतरही राहिलं तर दोन्ही लूपरचं टेन्शन बघा.

टाके सुटणं हे जवळजवळ नेहमी सुईचं दुखणं. सुई पूर्ण वरपर्यंत गेलेली नसते, सपाट बाजू मागे नसते, किंवा टोक गेलेलं असतं. बहुतेक मशिनांत नीट बसवल्यावर डावी सुई उजवीपेक्षा किंचित वर दिसते. दोन्ही एका रेषेत आणायला जाऊ नका. सुती कापडाला 90/14 नंबरची सुई, मलमल आणि जॉर्जेटला 75/11, होजियरीला बॉलपॉइंट (गोलसर टोकाची). साधारण आठ तास शिवणकाम झालं की दोन्ही सुया बदला, जुनी चांगली दिसत असली तरी. स्क्रू सैल करण्याआधी फुटाखाली कागद ठेवा, नाहीतर सुई लूपरच्या खोबणीत पडते आणि ती काढण्यात अर्धा तास जातो.

होजियरीची कड लाटेसारखी झाली की डिफरेन्शियल फीड 1 वरून 1.3 ते 1.5 करा, टाक्याची लांबी 3 ठेवा आणि फुटाचा दाब कमी करता येत असेल तर करा. पातळ कापड चुण्या घेत असेल तर उलट: 0.7 किंवा 0.8, लांबी 2 ते 2.5, सुयांचं टेन्शन अर्धा आकडा कमी. कापड मागून ओढलं की सुई वाकते आणि लूपरला लागते. फुटाखालचे दाते कापड नेतात, हाताने फक्त दिशा द्यायची.

ब्लाउज शिवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. ओव्हरलॉकचं ब्लेड शिवतानाच कापतं, आणि आपल्याकडे ब्लाउजच्या बाजूला इंच-दीड इंच माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) ठेवायची रीत आहे. त्या शिवणी थेट ओव्हरलॉकवर मारल्या तर माया गेलीच, पुढे ब्लाउज उसवून मोठा करता येत नाही. योग्य पद्धत अशी: प्रत्येक तुकड्याची कड ब्लेड बंद करून किंवा दशांपुरतं जेमतेम कापून आधी ओव्हरलॉक करा, मग साध्या मशीनवर माया सोडून शिवा. खणाच्या दशा फार लवकर निघतात, त्यामुळे कापल्याबरोबर लगेच ओव्हरलॉक करा, टाक्याची लांबी 2 ठेवा.

ओढणीच्या कडेला पिकोऐवजी रोल हेम (कड बारीक गुंडाळून घेणारा टाका) करायचं असेल तर डावी सुई काढा, प्लेटवरची बारीक जीभ मागे घ्या, लांबी 1 ते 1.5, खालचा लूपर 6-7 वर आणि वरचा जरा सैल. कडेतून दशा काट्यांसारख्या बाहेर डोकावतात ही इथली नेहमीची तक्रार. लांबी थोडी कमी करा आणि कापण्याची रुंदी थोडी वाढवा. पातळ शिफॉनवर मात्र अजूनही पिकोवालाच चांगलं काम करतो, असं आठ महिन्यांनी स्पष्ट मत आहे.

ब्लेड. टाचणीवरून एकदा जरी गेलं तरी धारेला खड्डा पडतो, आणि मग दर टाक्याला त्याच जागी कापड न कापता चावलं जातं. टाचण्यांऐवजी लहान क्लिपा लावा आणि फुटाजवळ आल्या की काढा. जरीचे काठ ब्लेडखाली घालू नका, ते कात्रीने कापा. बऱ्याच मशिनांत खालचं स्थिर ब्लेड मऊ असतं, तेच आधी बोथट होतं आणि तेच आधी बदलायचं. नवं बसवताना त्याची धार प्लेटच्या पृष्ठभागाच्या बरोबर सपाटीत हवी, आणि वरचं ब्लेड पूर्ण खाली आलं की खालच्याला अर्धा ते एक मिलीमीटर झाकलं पाहिजे.

पावसाळ्यात इथे जून ते सप्टेंबर ब्लेडवर आणि लूपरवर तांबूस डाग येतात. काम संपल्यावर ब्रशने कचरा झाडा, मऊ कापडाला मशीन ऑइल लावून धातूचे भाग पुसा आणि झाकण घाला. फुंकर किंवा हवेचा पंप वापरू नका, बारीक तंतू आत गिअरपर्यंत जातात. तेल पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच, एकेक थेंब, आणि नंतर चिंधीवर दोन मिनिटं चालवा, म्हणजे डाग कापडावर येत नाहीत. स्वच्छ पांढरं मशीन ऑइलच घ्या. खोबरेल अजिबात नको. ते 24 अंशांच्या आसपास गोठायला लागतं, आणि डिसेंबरच्या सकाळी पुण्यात पारा त्याच्या बराच खाली असतो. मशीन जड चालू लागतं आणि लोकांना वाटतं मोटर गेली.

दोऱ्यासाठी 120 नंबरचा स्पन पॉलिस्टर कोन पुरेसा. रविवार पेठेत आणि तुळशीबागेच्या आसपास मिळतो. घेताना हातभर दोरा ओढून उजेडात धरा: जाड-बारीक गाठी किंवा केसाळ तंतू दिसले तर तो कोन ठेवून द्या, कितीही स्वस्त असला तरी. प्रत्येक कापडाला चारही दोरे त्याच रंगाचे लागत नाहीत. सुलट बाजूने फटीतून दिसतो तो डाव्या सुईचा दोरा, तेवढा जुळवा. बाकी तिघांना पांढरा, काळा, क्रीम आणि राखाडी एवढ्यावर भागतं.

दोरा आत गुंतून मशीन अडकलं तर पॅडल दाबू नका. प्लग काढा, फूट वर करा, सुयांचे दोरे कापा, बाजूचं चाक हळू मागेपुढे हलवत चिमट्याने एकेक दोरा काढा. जाड जीन्सच्या जोडावर ते चार टाके हाताने चाक फिरवूनच घ्या. त्यानंतर रिकामं चालवताना ‘टक टक’ असा धातूचा आवाज येत असेल तर लूपर सुईला लागतोय. नव्या सुया लावूनही आवाज राहिला तर ते टायमिंगचं (सुई आणि लूपरची चाल जुळवण्याचं) काम, ते घरी करू नये, मेकॅनिककडेच द्यावं.

नवीन घेणार असाल तर दुकानात उभं राहून विक्रेत्याला चारही दोरे काढायला लावा आणि ते पुन्हा स्वतःच्या हाताने ओवून बघा. खालच्या लूपरचा हुक दिसतो का, झाकण पूर्ण उघडतं का, ब्लेड बंद करण्याची सोय आहे का, खालचं ब्लेड आणि सुया पुण्यात सुट्या मिळतात का, हे तिथेच विचारा. सोबत स्वतःच्या घरातली होजियरीची एक चिंधी आणि सुती कापडाचा एक तुकडा न्या. दुकानातल्या कडक नमुना कापडावर कुठलंही मशीन छानच शिवतं.