फ्लेवोलँड की विनिपेग? पिकांवरच्या प्रबंधासाठी रडार डेटा निवडताना

पिकांवर पोलारिमेट्रिक रडारचं (लहरींच्या कंपनाची दिशाही टिपणाऱ्या रडारचं) काम करायचं ठरलं तेव्हा विमानातून घेतलेले, फुकट मिळणारे दोन संच माझ्यासमोर होते. नासाच्या एअरसार या विमानातल्या रडारनं 1989 साली टिपलेलं नेदरलँड्समधलं फ्लेवोलँड आणि नासाच्याच यूएव्हीसार रडारनं 2012 च्या उन्हाळ्यात टिपलेला कॅनडातल्या विनिपेगजवळचा शेतपट्टा.

फ्लेवोलँडचा मोह साहजिक आहे. समुद्र हटवून मिळवलेली सपाट जमीन, त्यामुळे डोंगरउतारांची कटकट नाही. सगळे वापरतात तो एल-बँडचा (साधारण 24 सेंटिमीटर लांबीच्या लहरींचा) तुकडा जेमतेम 750 बाय 1024 पिक्सेलचा, साध्या लॅपटॉपवर पळतो. नवा क्लासिफायर (प्रत्येक पिक्सेलला पिकाचा वर्ग देणारा अल्गोरिदम) काढला की त्याची टक्केवारी इतर शोधनिबंधांशेजारी लगेच मांडता येते. परीक्षकांनाही ते चित्र पाठ असतं, हा फायदा लहान नव्हे.

मला नडला तो गहू. पंधरा वर्गांच्या प्रचलित नकाशात गहू आहे, ‘गहू 2’ आहे आणि ‘गहू 3’ही. हे तीन वेगळे का? वाण वेगळं, पेरणी मागेपुढे, की नुसताच आपतन कोन (रडारची लहर जमिनीवर पडते तो कोन) बदललेला? विमान उपग्रहापेक्षा फारच खाली उडतं, त्यामुळे पट्ट्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कोन बराच बदलतो आणि तेच पीक दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसू शकतं. एका तारखेच्या चित्रातून याचा उलगडा होत नाही. माझा क्लासिफायर तिन्ही गहू झकास वेगळे करायचा, पण नेमकं काय वेगळं केलं ते मला सांगता येत नव्हतं. मार्गदर्शकांनी विचारलं असतं तर पंचाईतच होती.

विनिपेगलाही कोन साधारण 25 ते 65 अंश बदलतो. पण विमानाचा ऑटोपायलट जवळपास दहा मीटरच्या नळीत तीच वाट पुन्हा धरतो, म्हणून प्रत्येक फेरीत त्या शेताचा कोन जवळजवळ तोच राहतो. मग शेताची तुलना त्याच्याशीच करता येते. जून-जुलैच्या साधारण सहा आठवड्यांत कॅनोला, सोयाबीन, गहू वाढताना दिसतात. खाली माणसं शेतांत उतरून मातीतला ओलावा, पिकाची उंची, जैवभार मोजत होती. कॅनोलात आकारमानी विखुरण (पानाफांद्यांच्या गर्दीतून लहरी सगळीकडे उधळणं) वाढलं तर ते कशामुळे, हे पडताळायला हाताशी काहीतरी असतं.

त्रास आहेच. फायली अवाढव्य आहेत, आणि बँड एकच, एल. सी (आखूड लहरी) किंवा पी-बँडशी (आणखी लांब लहरी) तुलना हाच विषय असेल तर एअरसारकडेच जा. फ्लेवोलँडवर तिन्ही बँड आहेत. प्रबंध निव्वळ अल्गोरिदमचा असेल तरीही फ्लेवोलँड कदाचित बरं पडेल.

पीक कसं वाढतं हा प्रश्न असेल तर मात्र मी विनिपेगच सुचवीन. जुलै 2025 मध्ये सुटलेल्या नासा-इस्रोच्या निसार उपग्रहावरही एल-बँड आहे, तेव्हा हात त्याच लांबीच्या लहरींवर बसलेला बरा. सुरुवातीला जमिनीवर प्रक्षेपित केलेलं (नकाशावर बसवलेलं) उत्पादन घ्या. कच्च्या सिंगल-लुक (सरासरी न काढलेल्या) फायलींना डिस्क मोकळी झाल्यावर हात घाला.