गाळे बांधावेत की ओटे? लहान नगरपंचायतीसमोरचा प्रश्न

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर बऱ्याच नगरपरिषदा-नगरपंचायतींत नवी माणसं बसली आहेत. पहिल्या दोन-चार सभांतच बसस्थानकाजवळच्या मोकळ्या जागेचा विषय येतो. तिथं व्यापारी संकुल उभं करायचं, की गुजरीसाठी, म्हणजे भाजीबाजारासाठी, ओटे घालायचे? यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी नगरसेवक असताना मी या दोन्ही ठरावांना हात वर केला आहे. आधी गाळ्यांना, चार वर्षांनी ओट्यांना. ज्यांना आता ठरवायचं आहे त्यांच्यासाठी हा अनुभव.

गाळ्यांची ओढ का वाटते, हे मला चांगलं ठाऊक आहे. आमच्यासारखी गावं दहाएक वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. सतरा नगरसेवक, एक मुख्याधिकारी, बोटावर मोजण्याइतके कर्मचारी. घरपट्टी-पाणीपट्टी वगळली तर स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न नाही. गाळ्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला येतं, अनामत एकदम हातात पडते, आणि संकुल उभं राहिलं की काम झाल्याचं लोकांना दिसतं. मोबाइल दुरुस्ती, शिलाई, सलून, झेरॉक्स यांना गाळाच लागतो. सामान कुलपात ठेवायचं असतं, आणि बँकेत गेलं की करारनामा मागतात. शिकलेल्या पोराला रोजगार द्यायचा तर गाळा हे चांगलं साधन आहे, यात मला आजही शंका नाही.

अडचण लिलावात सुरू होते. सर्वाधिक बोलीवाल्याला गाळा हा नियम सरळ आहे, पण बोली लावण्याइतका पैसा कुणाजवळ असतो? आमच्याकडे बरेच गाळे अशांनी घेतले, ज्यांचं मेन लाइनीत आधीच दुकान होतं. काहींनी गोडाऊन केलं, काहींनी पोटभाडेकरू ठेवला, काहींनी शटर पाडून नुसतं धरून ठेवलं. इथपर्यंत मी मनाची समजूत घालत होतो. भाडं येतंय ना, मग नगरपंचायतीचं काय जातं?

मग एका बुधवारी, बाजाराच्या दिवशी, मी संकुलासमोरून चाललो होतो. बंद शटरच्या पायरीवर एक म्हातारी बाई बसली होती. पुढ्यात पोत्यावर सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या, भेदरं (टोमॅटो), थोड्या वालाच्या शेंगा. पहाटेच्या एसटीनं पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून आलेली. एक पोरगा आला, हात पुढे केला, तिनं कमरेच्या पिशवीतून तीस रुपये काढून दिले. मला वाटलं बैठकी, म्हणजे बाजारात बसण्याची नगरपंचायतीची फी असेल, म्हणून पावती पाहायला मागितली. पावती नव्हतीच. तो पोरगा गाळेधारकाचा माणूस होता आणि ते पैसे पायरीवर बसण्याचे होते. बैठकीची पावती तिनं सकाळीच वेगळी फाडली होती.

ही गोष्ट मला पचली नाही. पायरी नगरपंचायतीची, जागा नगरपंचायतीची, आणि तिचं भाडं वसूल करत होता तो, ज्यानं गाळा उघडलासुद्धा नव्हता. त्या ओळीत मोजलं तर पायऱ्यांवर अकरा बाया बसल्या होत्या. मी तिला म्हटलं, मावशी, तुम्ही सगळ्याजणी मिळून एक गाळा का नाही मागत? ती म्हणाली, "आमी का रोज येतो भाऊ? बुधवारी येतो. बाकीचे सहा दिवस त्या शटरात काय कोंडून ठिवू?"

तिच्या त्या उत्तरावर मी आजवर विचार करतो आहे. आपल्याकडची कमाई महिन्याच्या हिशेबानं चालत नाही. पावसाळ्यात रानभाजी, हिवाळ्यात वाल आणि तुरीच्या शेंगा, उन्हाळ्यात मोहफूल आणि चारोळी. आठवड्यातून एक दिवस, वर्षातले काही महिने. गाळ्याचं भाडं मात्र बारा महिने. ओट्याला हे जमतं. ज्या दिवशी बसाल त्या दिवसाचे पैसे द्या, माल संपला की चारच्या बसनं घरी.

ओट्यांचेही त्रास आहेत. रात्री मोकाट जनावरं बसतात, सकाळी शेण काढावं लागतं. झाडलोटीला माणूस ठरवून दिला नाही तर महिनाभरात उकिरडा होतो. रिकाम्या दिवशी मोटारसायकली लागतात. भाडंही चिल्लर, त्यामुळे हिशेब ठेवणाऱ्याला कटकट वाटते. वसुलीचा ठेका दिलात तर पावतीवरची रक्कम आणि हातातली रक्कम एकच आहे का, हे कुणीतरी पाहत राहावं लागतं.

बांधताना आमची एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. पहिले ओटे अडीच फूट उंच घातले. नकाशावर छान दिसले. डोक्यावर टोपलं घेतलेल्या बाईला त्यावर चढताच येईना, म्हणून त्या ओट्यासमोर खाली मातीत बसू लागल्या आणि ओटा माल ठेवायला वापरू लागल्या. पुढची ओळ दीड फुटाची केली, एक बाजू उताराची ठेवली, आणि त्या वर जाऊन बसल्या. टिनाचं शेडही पश्चिमेकडून खाली ओढा, नाहीतर दुपारनंतरचं ऊन थेट तोंडावर येतं आणि पालेभाजी तासाभरात माना टाकते. आणि नळ व बायकांसाठी शौचालय त्याच अंदाजपत्रकात धरा. नंतर करू म्हटलं की ते राहतंच.

कागदाच्या बाजूनंही ओटा हलका नाही. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ पासून आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांच्यात एक तृतीयांश बाया हव्यात. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करायचं असतं. ही समिती खरोखर बसवली तर ओटे कुणाला, कोणत्या वाराला, हे तिथंच मिटतं. पथविक्रेत्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचं कर्ज २०२० मध्ये १०,००० पासून सुरू झालं. २०२५ च्या फेरबदलानंतर पहिलं कर्ज १५,०००, मग २५,०००, मग ५०,००० असं आहे. आजूबाजूच्या खेड्यांतून येऊन शहराच्या हद्दीत विकणाऱ्यांनाही ही योजना लागू आहे. विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र नगरपंचायतीनंच द्यायचं असतं, आणि ओटा क्रमांक नोंदलेला असला की ते देणं सोपं जातं. आमच्याकडे पोडावरच्या काही बायांना पहिल्यांदा बँकेचं कर्ज मिळालं ते असंच.

तुमचं गाव हमरस्त्यावर असेल, नोकरदार वस्ती मोठी असेल, गाळ्यांना खरी मागणी असेल, तर तुमचं गणित वेगळं येऊ शकतं. माझ्यापुरतं विचाराल तर आधी ओटे, आणि ते भरले की मग थोडे गाळे, तेही लहान आकाराचे, म्हणजे बोली आवाक्यात राहते.

मंजुरीच संकुलाची आली असेल आणि बदलता येत नसेल, तर दोन गोष्टी मात्र करून घ्या. समोरच्या पट्टीत त्याच नकाशात दीड फुटी ओट्यांची एक ओळ धरा. आणि गाळ्याच्या करारनाम्यात स्वच्छ लिहा, की शटरबाहेरची पायरी व पुढची जागा नगरपंचायतीची आहे, तिथं बसणाऱ्याकडून गाळेधारकानं पैसे घेतले तर गाळा रद्द. आमच्या करारनाम्यात ही ओळ नव्हती, म्हणून त्या बुधवारी मी त्या पोराला थांबवू शकलो नाही.