पुन्हा पुन्हा हाताशी आलेलं: यंदाची गाणी, सिनेमे, पुस्तकं, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

वर्ष संपताना आवडत्या गोष्टींच्या याद्या वाचायला मला मनापासून आवडतं, पण त्यात एक नेहमी होतं, नुकतं बघितलेलं वर चढून बसतं आणि वर्षाच्या सुरुवातीला जीव लावून ऐकलेलं मागे पडतं. म्हणून यंदा एकच अट ठेवली, पहिल्यांदा आवडलं एवढ्यावर यादीत घ्यायचं नाही, काही महिने गेल्यावर आपणहून परत त्याकडे गेले तरच घ्यायचं. नवं-जुनं असा भेद केला नाही. त्यामुळे यात या वर्षी आलेलं जवळपास काहीच नाही, पण या वर्षी माझ्याबरोबर राहिलेलं सगळं आहे.

सगळ्यात जास्त वापर झाला तो जर्मन संगीतकार बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चा, तेही ग्लेन गूल्डने पियानोवर वाजवलेल्या. त्याने हे दोनदा स्टुडिओत रेकॉर्ड केलं, १९५५ मध्ये आणि मग १९८१ मध्ये, आणि १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो गेला. पहिलं रेकॉर्डिंग अडतीस-एक मिनिटांचं, दुसरं एक्कावन्नच्या आसपास. तोच माणूस, तीच रचना, इतकंच काय स्टुडिओही तोच. सुरुवातीचा ‘आरिया’, म्हणजे मूळ धून, पहिल्यात दोन मिनिटांच्या आत संपतो, दुसऱ्यात तीन मिनिटांवर जातो, आणि नुसते ते दोन तुकडे एकामागोमाग लावून बघा, पहिल्यात सूर पुढच्या सुराला हात धरून ओढत नेतो आणि दुसऱ्यात प्रत्येक सूर जरा थांबून आपलं म्हणणं पूर्ण करतो. मी सुरुवातीचे काही महिने फक्त १९८१ चं ऐकत होते, मग १९५५ चं लावलं आणि आता वेळ बघून ठरवते. सकाळी १९५५. रात्री १९८१, आणि रात्री दुसरं काही चालतच नाही.

या रचनेत तीस व्हेरिएशन्स आहेत, म्हणजे एकाच पायावर उभी केलेली वेगवेगळी रूपं, आणि सत्ताविसाव्यापर्यंत दर तिसरं कॅनन आहे, म्हणजे एक आवाज सुरू करतो आणि दुसरा तेच थोड्या अंतराने मागून म्हणतो, आणि प्रत्येक कॅननमध्ये दोन आवाजांमधलं सुरांचं अंतर एका पायरीने वाढत जातं. हे कळायच्या आधीही मजा येतच होती, पण कळल्यावर ऐकताना कान आपोआप तो मागून येणारा आवाज शोधायला लागतो. एक गंमत सांगते, १९८१ चं रेकॉर्डिंग एकूण संथ म्हणून ओळखलं जातं पण पंचविसावं व्हेरिएशन, जे सगळ्यात खोल आणि दुखरं आहे, ते उलट १९५५ मध्ये जास्त वेळ चालतं. तरुणपणी तो तिथे जास्त रेंगाळलाय. ते ऐकून मला त्या पहिल्या रेकॉर्डिंगबद्दल एकदम माया वाटायला लागली.

तक्रार म्हणाल तर गूल्ड वाजवताना गुणगुणतो, आणि चांगल्या इअरफोनवर ते स्पष्ट ऐकू येतं. काहींना ते अजिबात सहन होत नाही. मला आता ते नसेल तर चुकल्यासारखं होईल. अजून एक, काम करताना मागे लावून ठेवायचं हे संगीत नाही, लक्ष एकतर कामात राहतं नाहीतर यात.

त्याच स्टुडिओत, न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या थर्टिएथ स्ट्रीटवरच्या जुन्या चर्चच्या इमारतीत, १९५९ मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ रेकॉर्ड झाला, मार्चमध्ये एक दिवस आणि एप्रिलमध्ये एक दिवस, बस. जॅझ म्हटलं की लोक हाच अल्बम पुढे करतात म्हणून मी बरीच वर्षं तो बाजूलाच ठेवला होता. यंदा सलग ऐकला आणि कॉल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली या दोन सॅक्सोफोनवाल्यांच्या स्वभावातला फरक ऐकण्यातच कितीतरी संध्याकाळी गेल्या. जुन्या प्रतींमध्ये पहिल्या बाजूची तीन गाणी किंचित वरच्या सुरात वाजतात कारण त्या दिवशी एक टेप मशीन जरा मंद चालत होतं, नव्वदच्या दशकात ते दुरुस्त करून परत काढलं. तेव्हा जुनी प्रत कुणाकडे असेल तर तिच्यासोबत वाजवून बघू नका, पेटी जुळणार नाही.

कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण ती यंदाची नाहीत, दर वर्षीचीच आहेत. ऐन तारुण्यात क्षयाने गाठलं, काही वर्षं गाणं पूर्ण बंद, आणि त्यानंतर आलेला हा आवाज. सूर फेकल्यासारखा येतो, मग मोकळी जागा, मग परत सूर. यंदा फक्त त्या मोकळ्या जागा ऐकल्या, तंबोऱ्यांशिवाय काही नसतं तिथे. पुरेसं आहे.

सिनेमात पहिला नंबर चैतन्य ताम्हाणेंच्या ‘द डिसायपल’चा. २०२० ला व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला वगैरे ठीक आहे, पण शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या माणसाच्या पोटातली भीती इतकी खरी मी कुठे बघितली नव्हती. आदित्य मोडक आणि अरुण द्रविड हे दोघंही खरे गाणारे आहेत त्यामुळे तंबोरा हातात घेतलेला माणूस खोटा वाटत नाही. शरद, म्हणजे हा शिकणारा, रात्री रिकाम्या रस्त्यांवरून बाइक चालवतो, सगळं स्लो मोशनमध्ये, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंच्या भाषणाची टेप चालू, आणि तो सुमित्रा भावेंचा आवाज. काय आवाज लावलाय! साधना, त्याग, एकटेपण असं सगळं शांतपणे सांगणारा, आणि ऐकणाऱ्याचं आयुष्य त्याखाली दबत चाललेलं. पहिल्यांदा बघताना मला त्या टेप्स प्रेरणादायी वाटल्या, काही महिन्यांनी परत बघितलं तर त्याच वाक्यांनी अंगावर काटा आला. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतली ती मुलगी पण लक्ष देऊन बघा, सिनेमात तिला मोजकाच वेळ मिळतो, पण दर वेळी कपडे, प्रकाश, आवाज सगळं बदललेलं असतं आणि कुणी त्यावर एक शब्द बोलत नाही. उणीव एवढीच की बायका कडेला राहतात. गती संथ आहे, घाईत असाल तर लावू नका.

‘परफेक्ट डेज’ विम वेंडर्सचा, २०२३ चा, कोजी याकुशोला कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं तो. टोकियोत सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा, गाडीत कॅसेट लावतो, जेवणाच्या सुट्टीत झाडांमधून येणाऱ्या उजेडाचे फिल्म कॅमेऱ्याने फोटो काढतो, झोपायच्या आधी जुनी पुस्तकं वाचतो. या यादीतला हाच एक सिनेमा असा की त्यात गाणं आणि पुस्तक दोन्ही रोजच्या कामाच्या वस्तू म्हणून येतात, शोभेच्या नाही. तो संडासाच्या भांड्याच्या कडेखालचा भाग दिसावा म्हणून छोटा आरसा धरून बघतो, कुणी तपासणार नसतं तरी. आणि एका स्वच्छतागृहात कुणीतरी फुली-गोळ्याचा कागद खोचून ठेवलेला असतो, हा त्यात एक खूण करून परत खोचतो, असं रोज थोडं थोडं खेळ पुढे जातो आणि समोरचा खेळाडू आपल्याला दिसतच नाही. एवढ्या छोट्या गोष्टीने मला रडू आलं.

मात्र ती स्वच्छतागृहं फारच चकचकीत आहेत, या कामातली घाण सिनेमा जवळपास दाखवत नाही, आणि हा आक्षेप मला प्रत्येक वेळी जास्तच पटत गेला. तरीही शेवटचा लांबलचक चेहरा, नीना सिमोन चालू, हसू आणि रडू एकाच तोंडावर, त्यासाठी मी परत बघणार.

पुस्तकांमध्ये लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते ३६ मध्ये भागाभागाने आलेलं, आणि अजून कुठलंही पान उघडा, बाई समोर बसून बोलतायत. मी ते सरळ एकदा वाचलं आणि नंतर उशाशी ठेवून कुठूनही वाचत राहिले, वापर म्हणाल तर असाच करावा. वडिलांचं सोवळ्याचं वेड, बाहेरून आलेली वस्तू धुऊन घेणं, यावर आज कुणी लिहिलं असतं तर आधी राग आला असता, बाई आधी काय झालं ते सांगतात, हसवतात, आणि मग लक्षात येतं की घरातल्या बाकीच्यांना काय सोसावं लागलं असेल. नवऱ्याचं, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचं, न सांगता निघून जाणं, घरात काही नसताना दुसऱ्याला देऊन टाकणं, मग १८९५ ला त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, हे इतकं दुःख आहे पण स्वतःची कीव एका ओळीतही नाही. नातेवाइकांची नावं खूप येतात, गोंधळ होतो, होऊ द्या, पुढे वाचा.

दुसरं विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’. १९३९ ची कादंबरी, ज्या वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षीची. युरोपातून निघालेली बोट, त्यावर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, परत येणारा चक्रधर, आणि हेर्टा. जागा फक्त बोट आणि मुदत फक्त प्रवासाची, त्यामुळे प्रत्येक भेटीत बंदर जवळ येत असल्याची जाणीव असते. मुंबईला तो उतरणार आणि ती पुढे जाणार हे आधीपासून माहीत असूनही हातातलं पुस्तक खाली ठेवता येत नाही. लहानसं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं आणि एका बैठकीतच वाचा. चक्रधर काही ठिकाणी असह्य होतो, बायकांबद्दलची त्याची कडवट मतं आज वाचताना खटकतात, पण हेर्टाच्या बोलण्यासमोर ती मतं कशी तुटत जातात ते दुसऱ्या वाचनात नीट दिसतं. मागच्या कव्हरवरचा मजकूर आणि प्रस्तावना असेल तर ती, दोन्ही नंतर वाचा, शेवट आधी कळला तर या पुस्तकाचं फार नुकसान होतं.