अंक १८१ मधला चिकटवलेला स्टॅम्प

'द इन्क्रेडिबल हल्क' या अमेरिकन कॉमिकचा १८१ वा अंक विकत घेताना माझी फसवणूक झाली. अंक अस्सल होता, मुखपृष्ठ अस्सल होते, पानेही सर्व होती. खोटेपणा होता तो आतल्या एका पानावरच्या, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात. परंतु या विशिष्ट अंकाच्या किमतीचा मोठा भाग त्याच चौकोनावर अवलंबून असतो. जुने अंक जमवू पाहणाऱ्या इतरांना तो चौकोन कसा तपासावा हे कळावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

मुखपृष्ठावर नोव्हेंबर १९७४ हा महिना आणि २५ सेंट ही किंमत असलेल्या या अंकाची कथा लेन वाइन यांची आहे, रेखाटन हर्ब ट्रिम्प यांचे आणि त्यावरचे शाईकाम जॅक एबेल यांचे. १८० व्या अंकाच्या अगदी शेवटी ज्याची केवळ झलक दिसली होती, तो वुल्व्हरिन, पुढे खूप गाजलेला नायक, या अंकात प्रथमच पूर्ण कथाभर वावरतो, आणि त्यामुळेच एके काळी चिल्लर टाकून मिळणारा हा अंक आज संग्राहकांमध्ये अतिशय महाग आहे. मी तो पूर्वी पुनर्मुद्रणात वाचला होता. त्या काळच्या पिवळसर, खरखरीत कागदावर तो पुन्हा वाचावा ही इच्छा जुनीच होती, आणि तिच्यासाठी मी बरेच दिवस पैसे बाजूला टाकत होतो.

आता त्या चौकोनाविषयी. १९७४ च्या सुरुवातीपासून मार्व्हलने, म्हणजे हल्कच्या प्रकाशकाने, आपल्या अंकांतील वाचकांच्या पत्रांच्या पानावर 'मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प', म्हणजे एखाद्या पात्राचे चित्र असलेले छोटे चौकोन, छापायला सुरुवात केली. पहिल्या मालिकेत असे १०० स्टॅम्प होते. ते कात्रीने कापून वेगळ्या पुस्तिकेत चिकटवायचे, अशी योजना होती. मुलांनी सांगितल्याप्रमाणे इमानेइतबारे कापले, आणि प्रकाशकानेच वाचकांच्या हाती कात्री देऊन स्वतःचे अंक खराब करून घेतले, याचे मला आजही नवल वाटते. १८१ व्या अंकात ५४ क्रमांकाचा, शॅना द शी-डेव्हिल या पात्राचा स्टॅम्प आहे. तो कापलेला असेल तर बाकी अंक कितीही नीट असला तरी त्याची किंमत एकदम कोसळते. सीजीसीसारखी, कॉमिकची अवस्था तपासून प्रतवारी करणारी संस्था अशा प्रतीला एक तर दोष नोंदवणारी हिरवी पट्टी लावते, नाही तर नेहमीच्या निळ्या पट्टीखाली बरीच खालची श्रेणी देते.

विक्रेत्याला हे सर्व माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. त्याच्या जाहिरातीत 'स्टॅम्प शाबूत' असे ठळकपणे लिहिलेले होते आणि मी न मागताच त्याने स्टॅम्पच्या पानाचे जवळून घेतलेले छायाचित्र पाठवले. ज्या शंकेने माणूस मागे हटला असता तीच शंका त्याने आधी स्वतः काढून दूर केली, आणि मी त्याला सचोटी समजलो. प्रत प्रतवारी केलेली का नाही, असे विचारल्यावर, त्यात महिने जातात आणि खर्च शेवटी तुमच्याच किमतीत धरावा लागेल, असे उत्तर मिळाले. पैसे खरेदीचा व्यवहार म्हणून न पाठवता ओळखीच्या माणसाला पाठवतात त्या पद्धतीने पाठवा, म्हणजे शुल्क वाचेल, असेही त्याने सुचवले. शुल्क वाचले, तक्रार करण्याचा हक्क मात्र त्याच क्षणी गेला.

अंक हाती आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी स्टॅम्प पाहिला, तो जागेवर आहे याचे समाधान मानले आणि वाचनात गुंतलो. हल्क, वेंडिगो नावाचा राक्षस आणि मध्येच उपटणारा तो ठेंगणा, चपळ वुल्व्हरिन. मुखवट्याचे कान आखूड, 'लोगन' हे त्याचे पुढे रूढ झालेले नाव कुठेही नाही, नखेही हातमोज्यांचाच भाग असावीत असे वाटते. पुढच्या कित्येक वर्षांचे ओझे अंगावर नसलेले हे पात्र पाहताना इतकी मजा आली, की दुसऱ्या दिवशी मी पत्रेसुद्धा वाचायला घेतली. पत्रांचे पान उलटले तेव्हा मागच्या बाजूला माझे बोट एका बारीक कंगोऱ्याला अडले. मागची छपाई त्या चौकोनाच्या कडेपाशी येऊन तुटत होती आणि चौकोनाच्या आत भलतीच छपाई सुरू होत होती. पान दिव्यासमोर धरल्यावर चारही कडांनी गोंदाची गडद रेघ स्वच्छ दिसली.

एकच स्टॅम्प मार्व्हलच्या निरनिराळ्या अंकांत छापला जात असे. दुसऱ्या एखाद्या स्वस्त अंकातला ५४ क्रमांकाचा स्टॅम्प कापून तो माझ्या प्रतीतल्या भोकात अचूक बसवलेला होता. पुढून पाहता काम इतके सफाईदार होते, की छायाचित्रात ते कोणालाही ओळखू आले नसते; मागून मात्र ते लपवणे शक्यच नव्हते. म्हणूनच मला आलेल्या सोळा छायाचित्रांत त्या पानाची मागची बाजू एकदाही नव्हती.

विक्रेत्याला लिहिले, तेव्हा 'मलाही तो तसाच मिळाला होता' एवढे एक वाक्य आले आणि नंतर उत्तरे थांबली. पैसे पोहोचवणाऱ्या सेवेने व्यवहार वैयक्तिक असल्याचे सांगून हात वर केले, आणि त्यांच्या नियमांप्रमाणे ते बरोबरच होते.

आपण १९७४-७५ मधला मार्व्हलचा कोणताही अंक घेणार असाल, तर पत्रांच्या पानाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि तेच पान प्रकाशासमोर धरलेले तिसरे छायाचित्र मागावे, आणि तेवढ्यासाठी विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबावे. अख्खे पानच दुसऱ्या प्रतीतून आणून बसवण्याचा प्रकारही चालतो, तेव्हा मधल्या पिनांजवळचा भागही पाहून घ्यावा. मार्व्हलने या अंकाची जी हुबेहूब नवी आवृत्ती काढली आहे, ती कागदावरून आणि छापील किमतीवरून सहज ओळखता येते. तिच्यापासून फारसा धोका नाही.

माझी प्रत मी विकलेली नाही. पिशवीतल्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर मी शाईने लिहून ठेवले आहे: 'स्टॅम्प दुसऱ्या अंकातला, चिकटवलेला. पान उलटून पाहावे.'