फोंड्यातला पावसाळा आणि जुनी कार-ब्रोशर: सात महिन्यांनंतर

जुनी ब्रोशर दमटपणापासून जपायला एप्रिलमध्ये चार वस्तू घेतल्या: रबरी कडेचा मोठा हवाबंद डबा, पॉलिएस्टरची पाकिटं, ओलावा शोषणारे अर्धा किलो सिलिका जेलचे दाणे आणि छोटा आर्द्रतामापक. लिहायला मुद्दाम नोव्हेंबर उजाडू दिला. एक अख्खा पावसाळा काढल्याशिवाय फोंड्यात कागदाच्या बाबतीत कुणी काही सांगू नये.

सगळ्यात जास्त समाधान पाकिटांचं. पूर्वी मी स्टेशनरीच्या दुकानातल्या साध्या पारदर्शक फायली वापरायचो. त्या पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकच्या. प्रीमियर पद्मिनीचं एक घडीपत्रक त्यातून काढायला गेलो, तर निळ्या गाडीचं बॉनेट प्लास्टिकलाच चिकटून आलं. फार जीवाला लागलं. पाकीट उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते घेऊच नका. पॉलिएस्टरला वास नसतो आणि ते शाई ओढत नाही.

डब्याबाहेर जुलैत आर्द्रतेचा आकडा नव्वद टक्क्यांच्या घरात, आत 45 ते 50. पण हे आपोआप होत नाही. सिलिका जेलचे नारिंगी दाणे ओलावा शोषून हिरवे पडले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनेक तास तापवायचे. भर पावसात दर नऊ-दहा दिवसांनी हे केलं. चतुर्थीला गावच्या घरी राहिलो आणि परत येऊन बघतो तर 63! पासष्टच्या पुढे बुरशीला रान मोकळं, आणि गुळगुळीत लेपाच्या कागदाची पानं दमटून एकमेकांना चिकटली की पुन्हा सुटत नाहीत. थोडक्यात निभावलं.

तक्रार एकच. सप्टेंबरपासून झाकणाच्या एका कोपऱ्यातलं रबर सैल झालंय. विक्रेत्याला दोनदा कळवलं, उत्तर नाही.

या सगळ्या खटाटोपाचं कारण म्हणजे आजोबांच्या पेटीत सापडलेलं ओपेल रेकॉर्ड या जर्मन गाडीचं पोर्तुगीज ब्रोशर. गोल वळलेली पुढची काच, दुरंगी गाडी, म्हणजे 1957 ते 60 मधलं मॉडेल. मागच्या पानावर पेन्सिलीने किंमत लिहिलीय, एस्कुदो या पोर्तुगीज चलनात. गोव्यात रुपिया जाऊन एस्कुदो आला तो 1958-59 च्या सुमारास, आणि डिसेंबर 1961 मध्ये पोर्तुगीज गेले. तेवढ्या दोन-तीन वर्षांत कुणीतरी ही गाडी घ्यायचा हिशेब मांडला होता! ब्रोशर ‘स्वच्छ’ करायच्या नादात असे आकडे खोडरबराने पुसणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, नका पुसू.

त्याच्या पिना गंजल्या होत्या. आतल्या बाजूने पाय हळूच सरळ करून त्या काढल्या आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवला. गंजाचा तपकिरी डाग राहिलाय, पण पावसाळ्यात तो जराही पसरला नाही.

पुढच्या एप्रिलच्या आत दुसरा डबा घेणार आहे, अँबॅसेडर आणि स्टँडर्ड हेराल्डच्या दुरुस्ती-पुस्तिकांसाठी. त्या अजून कपाटात आहेत, आणि कसर लागायला सुरुवात झालीय.