कामठीची ट्रंक आणि चार तवे

जुन्या तबकड्या घेताना फसलो आणि चौदा हजार रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी "पण गेले किती?" करत बसणार नाही.

आमच्या नागपूरच्या धंतोलीतल्या घरी एक रिवाज आहे. एखाद्या वादकाची पुण्यतिथी आली की त्या संध्याकाळी त्याची रेकॉर्ड लावायची. दोनतीन मित्र येतात, चिवडा असतो, बायको आतून "आज कोणाचं श्राद्ध?" म्हणून विचारते. 25 एप्रिलला टेडी वेदरफोर्ड. शिकागोत नाव कमावलेला हा जॅझ पियानोवाला 1945 साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. 6 जुलैला जॅझचा ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग. 5 जानेवारीला सिनेसंगीतकार सी. रामचंद्र.

शेवटचं नाव वाचून दचकू नका. जॅझपर्यंत मी पोचलो तो अण्णांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं, बोट धरूनच. ते नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले, वसंतराव देशपांडेही तिथलेच, हे आमच्याकडे अभिमानाने सांगितलं जायचं. मग त्यांच्या 'अलबेला' सिनेमातला ट्रम्पेट कोणाचा, हे शोधताना चिक चॉकलेट सापडला. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. मुंबईच्या ताजमध्ये त्याचा बँड वाजायचा, लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. 1967 साली गेला. त्याच्या स्वतःच्या बँडच्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या (आमच्याकडे तवे म्हणतात) मिळणं फार कठीण. या 6 जुलैला आर्मस्ट्राँगच्या जोडीला चिकला वाजवायचंच, हे मी ठरवून बसलो होतो. आणि बसलो ते बसलो, भेटेल त्याला सांगतही सुटलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. पोरगा गोड बोलणारा, अगदी आपल्या इकडचा. "काका, आमचे आजोबा कामठीला फौजेच्या बँडमध्ये होते. घर रिकामं करून राहिलो. ट्रंकेत जुने तवे निघाले. तुम्हाला काय पाहिजे असते?" इथे माझं चुकलं. खरं तर त्याने आधी विचारायला पाहिजे होतं की माझ्याकडे हे हे आहे, घेता का? त्याऐवजी मीच त्याला चिकचं नाव, कोलंबिया कंपनीचं लेबल, 6 जुलैची तारीख, सगळं भरभरून सांगितलं. तीन दिवसांनी ट्रंकेत नेमक्या त्याच चार तबकड्या निघाल्या. निघणारच! ऑर्डर मीच दिली होती.

कामठी म्हणजे काय लंडन आहे का? गाडी काढली असती तर तासाभरात दारात उभा असतो. पण तो पुण्याला नोकरीला, आई एकटी, आजारी. तिला त्रास नको, कुणा पोराच्या हाती पाठवतो म्हणाला. आजारी आई म्हटल्यावर आपण गप्प बसतो. चार हजार टोकन गेलं. मग व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला: तबकडी फिरते आहे, आणि ट्रम्पेट असा काही चढतो की माझ्या डोळ्यात पाणी. उरलेले दहा हजार त्याच मिनिटाला पाठवले.

तो व्हिडिओ मी नंतर वीसेक वेळा पाहिला. पहिल्या वेळी फक्त ऐकला होता. गाणं सुरू होतंय आणि सुई मात्र लेबलापासून बोटभर अंतरावर, म्हणजे तबकडी संपत आलेली. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास चालते. ट्रम्पेट पहिल्या मिनिटाला आणि सुई तिसऱ्या, असं कसं होईल? शिवाय खरखर नाही. लाखेच्या तबकडीवर सुई टेकली की आधी पोहे भाजल्यासारखा आवाज येतो. आवाज दुसरीकडून आणून चिकटवला होता.

चारही तबकड्या जुन्या टॉवेलात गुंडाळून आल्या. वजन बरोबर, लाखेचीच. लेबलाच्या कडेवरून नख फिरवलं तर अडकलं. लेबल तबकडीसोबतच गरम साच्यात दाबलेलं असतं, ते पृष्ठभागात बसलेलं असतं, नखाला पायरी लागत नाही. दुसरं म्हणजे मधलं भोक. घरात वाजलेल्या तबकडीच्या भोकाभोवती प्लेअरची दांडी चाचपडल्याचे कोळ्याच्या पायासारखे ओरखडे असतात. इथे आजोबांनी आयुष्यभर वाजवलेल्या तबकडीचं लेबल कोरं करकरीत! भिंग लावलं तर रंगाचे बारीक ठिपके, घरच्या प्रिंटरचे. शेवटच्या खाचेजवळ लाखेत उमटलेला रेकॉर्डिंगचा नंबर चारही तबकड्यांवर वेगवेगळ्या जातीचा होता.

लावून पाहिल्या. एकीवर शहनाई, दोनवर हिंदी भजनं. चौथीबद्दल पुढे सांगतो.

त्याचा फोन बंद. मी लाजेने आठ दिवस कोणालाच बोललो नाही. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडली, कारण सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर लगेच कळवलं असतं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता होती. आठ दिवसांनी काय अडवणार? ठाण्यातल्या हवालदाराने तबकडी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "हा तवा चौदा हजारांचा?" "चारचे, साहेब." "तरीबी..." तक्रार मात्र नीट लिहून घेतली. त्या खात्यात तोवर शंभर रुपयेही उरले नव्हते.

आता चौथी. लेबल सोडवायला स्पिरिट कधीच लावू नका, लाख विरघळते. ओल्या कापसाने दोन संध्याकाळी हळूहळू पुसत बसलो. वरचा कागद सुटला, पण खालचं जुनं लेबल त्या भामट्याने आधीच सँडपेपरने घासलं होतं. गाणाऱ्या बाईचं नाव गेलंय. शेवटी 'बाई' एवढं वाचता येतं आणि त्याखाली 'मराठी'. आवाज बारीक, तयारीचा, तान संपता संपता किंचित हसल्यासारखी.

6 जुलैला पाऊस होता, तरी दोघं आले. आर्मस्ट्राँग झाला, आणि चिकच्या जागी मी ही बाई लावली. खाचेतला नंबर वहीत उतरवून ठेवलाय.